ग्रंथपालाला शिकू द्या

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमला. गृहस्थ गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयात काम केल्याचा अनुभव शून्य, आणि या विषयावरचे वाचन म्हणाल तर मुलाखतीच्या आधी चाळलेला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला एक लेख, एवढेच. अर्ज शेकड्यांनी आले होते, पण या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला एकही अर्जदार त्यांत नव्हता. प्राध्यापकमहाशय रुजू झाले आणि आठवडाभरातच कंटाळले. दिवसभर रिकामे बसण्याच्या त्या नोकरीत जीव रमेना, म्हणून ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला पुन्हा वर्गावर घ्या म्हणू लागले. तोडगा असा निघाला, की आधी ठरल्याप्रमाणे लंडनला जाऊन या कामाचे शिक्षण घ्यायचे. त्यानंतरही मन लागले नाही, तर परतीचा रस्ता मोकळा. लंडनहून आल्यावर त्यांनी वर्गाचे नाव काढले नाही. हे गृहस्थ म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. १२ ऑगस्ट ही त्यांची जयंती आपण ‘राष्ट्रीय ग्रंथपाल दिन’ म्हणून पाळतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स हे शिक्षक भेटले. सेयर्स स्वतः क्रॉयडनचे ग्रंथपाल होते, त्यामुळे फळ्यावर शिकवलेले संध्याकाळी कपाटासमोर उभे राहून तपासता येई. रंगनाथनांनी इंग्लंडातली शंभराच्या घरात ग्रंथालये पाहिली. लहान मुलांसाठी वेगळे दालन, कामगारांना सोयीच्या वेळा, वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत हे सारे त्यांनी जवळून पाहिले आणि १९२५ मध्ये परतल्यावर मद्रासेत ते अमलात आणायला घेतले. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला आणि दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, संघाने ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री पुस्तकरूपाने आली १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: माणसे शिकवायला त्यांनी आधी सुरुवात केली, जगभर नाव करणारे ग्रंथ मागून आले. पुढे आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले, तेही ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. त्याला पत्नी शारदा यांचे नाव दिले गेले.

ग्रंथपाल दिनी गावोगावच्या ग्रंथालयांत रंगनाथनांच्या तसबिरीला हार घातला जाईल, पंचसूत्रीवर भाषणे होतील, एखाद्या ज्येष्ठ ग्रंथपालाला शाल-श्रीफळ मिळेल. त्यात गैर काही नाही. पण ज्यांचे स्मरण करायचे ते स्वतः शिकून तयार झालेले ग्रंथपाल होते, आणि ज्यांच्या हातून हार घातला जाणार त्यांपैकी बहुतेकांना नोकरीत लागल्यानंतर शिकण्याची संधीच मिळालेली नाही. या दिवसाच्या निमित्ताने बोलायचे तर याविषयी बोलले पाहिजे. इमारत, अनुदान, संगणक, पुस्तकखरेदी या सगळ्यांवर आपण हिरिरीने वाद घालतो. वाचक आणि कपाट यांच्यामध्ये जो माणूस उभा आहे, त्याच्या शिक्षणाचा विषय मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो.

मराठी वाचकाला याबाबत मद्रासच्याही आधीचे, जवळचे उदाहरण आहे. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेतून बाहेर पडलेले पोर चार वर्षांत अक्षर विसरते, हे त्यांच्या लक्षात आले होते. शिकलेले टिकवायचे तर गावात पुस्तक हवे आणि पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवणारा माणूसही हवा. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बॉर्डन जेमतेम तीन वर्षे राहिले, परंतु आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९११ मध्ये, त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग उघडला. हिंदुस्थानातल्या ग्रंथालय-शिक्षणाचा आरंभ तिथून मोजतात. १९१२ मध्ये बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. वर्गात शिकून गेलेला ग्रंथपाल गावी पोहोचल्यावरही या नियतकालिकातून शिकत राहावा, अशी ती सोय होती.

बडोद्याच्या ग्रामग्रंथालयांचा हिशेब साधा होता. गावाने जेवढी वर्गणी उभी करायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच राज्याने. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. ही व्यवस्था बॉर्डन गेल्यावर मोडली नाही, उलट वाढतच गेली. त्याचे श्रेय एका हुशार परदेशी पाहुण्याला देऊन चालणार नाही. पाहुणा निघून गेल्यावर काम चालवू शकतील अशी माणसे त्याने आणि राज्याने मिळून तयार करून ठेवली होती. संस्थानाने पैसा पुस्तकांत घातला तसा माणसांतही घातला, आणि माणसांतली गुंतवणूक जास्त टिकली.

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. पणजीत १८३२ मध्ये सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून नांदते आहे. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, ग्रंथालय संचालनालय उभे केले, आणि आज अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. संख्येने पाहिले तर मोठा पसारा खालच्या दोन वर्गांत, म्हणजे खेड्यांत आणि छोट्या गावांत आहे. तिथे बहुधा एकच माणूस असतो. दार उघडणे, झाडलोट, वर्तमानपत्रे लावणे, देवघेव, वर्गणी, दाखलनोंद, अनुदानाचे कागद, वार्षिक अहवाल, तपासणीला आलेल्या साहेबांचा चहा, सगळे त्याच्याच अंगावर. मानधन एवढे, की शेतमजुरीशी तुलना केली तर मजुरी उजवी ठरावी. या माणसाला आपण कागदोपत्री ग्रंथपाल म्हणतो.

त्याचे शिक्षण होते कुठे? जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग चालतो आणि संचालनालय त्याची परीक्षा घेते. हजारो कर्मचाऱ्यांना वर्गीकरण आणि तालिकीकरण या शब्दांची पहिली ओळख या वर्गांनी करून दिली, हे त्यांचे मोठे काम आहे. त्याच्या पुढे विद्यापीठांच्या पदव्या आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळूनही पदवी घेता येते. पण ही सारी दारे नोकरीच्या तोंडाशी आहेत. एकदा प्रमाणपत्र भिंतीवर लागले की पुढची पंचवीस-तीस वर्षे त्याच शिदोरीवर काढायची. महाविद्यालयीन ग्रंथपालाला पदोन्नतीसाठी उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग करावे लागतात. ते घेणारी विद्यापीठीय केंद्रे आहेत, रजा आहे, प्रवासभत्ता आहे. सार्वजनिक ग्रंथालयातल्या त्याच्या भावंडासाठी तसले बंधनही नाही आणि सोयही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रंथालय कर्मचाऱ्यांना प्रगतीच्या वाटा आणि नोकरीभर व्यावसायिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. युनेस्को आणि ग्रंथालय संघटनांच्या जागतिक महासंघाचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामाही ग्रंथपालाचे सततचे शिक्षण अत्यावश्यक मानतो. कागदावर सगळ्यांचे एकमत आहे. अडते ते तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचताना.

प्रशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणक येतो. पण त्याची खरी कसोटी देवघेवीच्या टेबलाशी लागते. समजा, सांगोल्याकडचा एक तरुण शेतकरी वाचनालयात येतो आणि विचारतो, “शेतीवरचं एखादं पुस्तक आहे का?” न शिकलेला कर्मचारी हात करून कपाट दाखवतो. ड्यूई दशांश वर्गीकरणात शेती ६३० पासून सुरू होते, त्या कप्प्यात ऊस आहे, गांडूळखत आहे, दुग्धव्यवसाय आहे. तरुण दोन पुस्तके उलटसुलट करून निघून जातो आणि नोंदवहीत त्याची कुठेच नोंद होत नाही. शिकलेला कर्मचारी आधी बसायला सांगतो आणि उलट विचारतो, “दादा, नेमकं काय हवंय? कुठलं पीक?” मग कळते, की त्याच्या डाळिंबावर तेल्या पडला आहे आणि औषधवाल्याने सांगितलेल्या फवारणीवर त्याचा विश्वास नाही. आता ६३० चा कप्पा उपयोगाचा नाही. पिकांचे रोग ६३२ मध्ये, फळबागा ६३४ मध्ये. तिथेही नसेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी आहे, सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. वाचक जे विचारतो आणि त्याला जे हवे असते त्यांत बऱ्याचदा अंतर असते, आणि दोन-तीन साध्या प्रश्नांनी ते भरून काढणे ही शिकवता येणारी गोष्ट आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचे चौथे सूत्र. फलकावर ते सगळीकडे दिसते. ते असे टेबलाशी उतरते.

तालिकेचेही तसेच. मराठी साहित्याला टोपणनावांचा सोस फार. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, ‘नक्षत्रांचे देणे’ आरती प्रभूंचे आणि ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. जाणत्या वाचकाला यात अडचण नाही. पण अकरावीतल्या मुलीने कुसुमाग्रजांची सगळी पुस्तके मागितली आणि कर्मचाऱ्याने ‘क’चा खण उघडला, तर तिला कविता मिळतील आणि नाटके हरवतील. जुन्या पत्रतालिकेत यासाठी ‘पाहा’ अशी नोंद केलेले कार्ड असे. एका नावाच्या कार्डावरून वाचक दुसऱ्या नावाकडे जाई. संगणक आला, खण अडगळीत गेले, आणि ‘पाहा’ नोंदींची शिस्तही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. संगणकीकरणाचे कंत्राट घेतलेल्या मुलांनी मुखपृष्ठावर दिसले ते नाव टंकून दिले. कुठे ‘देशपांडे पु. ल.’, कुठे ‘पु. ल. देशपांडे’, कुठे ‘पु.ल.’ एवढेच. यंत्राच्या लेखी हे तीन निराळे लेखक.

त्यात लिपीचा घोळ आहे. अनेक ग्रंथालयांतली पहिली माहिती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये भरली गेली. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठे इंग्रजी खुणा. फाँट असलेला संगणक बंद पडला आणि माहिती दुसऱ्या यंत्रावर उघडली, की ‘श्यामची आई’च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि टिंबांची रांग. कित्येकांनी तेव्हा सगळी नोंद पहिल्यापासून केली, काहींनी नाद सोडून पुन्हा रजिस्टर उघडले. आज ई-ग्रंथालयसारखी सरकारी प्रणाली आहे, न्यूझीलंडमधल्या ग्रामीण ग्रंथालयासाठी बनवलेली आणि जगाला मोफत मिळालेली ‘कोहा’ आहे. प्रणाली बसवून देणारा एका दिवसात निघून जातो. नाव कसे लिहायचे, ‘श्याम’ आणि ‘शाम’ या दोन्ही लेखनांनी पुस्तक सापडावे म्हणून काय करायचे, माहितीची प्रत दर आठवड्याला कुठे ठेवायची, हे शिकवणारा कुणी येत नाही. यंत्राला खर्च मंजूर होतो, ते चालवणाऱ्याच्या शिक्षणाला होत नाही. असल्या बचतीची किंमत मग वाचक मोजतो.

आणखी एक गोष्ट. छोट्या ग्रंथालयाकडे पैसा नसतो, पण फुकट मिळणारा मोठा ठेवा आज त्याच्या दाराशी आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके, जिल्ह्यांची गॅझेटिअरे, राज्य मराठी विकास संस्थेने संगणकावर आणलेले दुर्मीळ ग्रंथ हे सारे मोबाइलवर उतरवून घेता येते. अंध वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी मोफत प्रणाली आहे. तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत सकाळी सहापासून स्पर्धा परीक्षेची मुले बसलेली असतात. आर्थिक पाहणीचा अहवाल कुठे मिळेल, जिल्ह्याची जुनी माहिती कशात आहे, हे त्यांना सांगणारे कुणी शेजारच्या टेबलाशी नसते. तिथला कर्मचारी आळशी नाही. हे सगळे उपलब्ध आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर आजवर कुणी घातलेली नाही.

पुस्तक जपण्याची विद्याही अशीच अर्धवट पोहोचली आहे. पान फाटले की पारदर्शक चिकटपट्टी लावायची, हा सार्वत्रिक रिवाज. दहा वर्षांत त्या पट्टीचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि पट्टीखालची ओळ कायमची जाते. पातळ कागदाची चिंधी आणि पिठाची खळ यांनी तेच काम कमी खर्चात आणि पुस्तकाला न दुखवता होते. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले, २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणजे जे करायचे ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत. भिजलेले पुस्तक ताणून उघडायचे नाही, कडक उन्हात टाकायचे नाही, पाना-पानांत कोरा शोषकागद घालून पंख्याखाली वाळवायचे, आणि एकदम सगळे हाताळणे शक्य नसेल तर दुर्मीळ प्रती आधी वेचून शीतगृहात गोठवून ठेवायच्या. कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठीच्या काठच्या प्रत्येक ग्रंथालयात हे माहीत असलेला निदान एक माणूस पावसाळ्यापूर्वी असायला हवा. पूर ओसरल्यावर मदतीला येणारे हात पुष्कळ असतात. काय करू नये हे सांगणारा त्यांत एखादाच असतो.

मग प्रशिक्षण होत नाही का? होते की. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह घेतले जाते, दीपप्रज्वलन होते, मान्यवरांची मनोगते दुपारच्या जेवणापर्यंत चालतात. जेवणानंतर एक तज्ज्ञ पडद्यावर चाळीस चित्रे दाखवतो, साडेचारला प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि शेवटची एसटी पकडायची म्हणून सभागृह रिकामे होते. एवढ्यावर खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र तयार होते. आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रंथालयात काय निराळे केले, हे विचारायला कुणी जात नाही. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातल्या ग्रंथालयांना साहाय्य देते, राष्ट्रीय ग्रंथालय अभियानातही कर्मचाऱ्यांचे क्षमतावर्धन हा भाग आहे. म्हणजे योजना नाहीत अशी तक्रार करता येणार नाही. शिकवण्याची रीतच कार्यक्रमाची झाली आहे, ही तक्रार आहे.

ही रीत बदलायला फार मोठा खजिना लागत नाही. जिल्ह्याच्या सभागृहाऐवजी तालुक्यातल्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या ग्रंथालयात दहा-बारा जणांना बोलवावे. विषय एका वेळी एकच: या खेपेला लेखकांच्या नावांच्या नोंदी, पुढच्या खेपेला वाचकाशी बोलणे, त्यानंतर मुलांचा कोपरा. प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयातली अडलेली उदाहरणे घेऊन यावे आणि ती तिथेच हातावेगळी करावी. शिकवणारा मुंबई-पुण्याहूनच यावा असे नाही. शेजारच्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल महिन्यातून अर्धा दिवस देऊ शकतो, आणि अनेकांची तशी तयारीही असते. पुढच्या बैठकीत आधी मागच्या वेळी शिकलेले कुणी कसे वापरले ते ऐकायचे, मग नवा विषय. त्या दिवसाचे मानधन कापले जाऊ नये, एसटीचे भाडे हातावर मिळावे, आणि ग्रंथालय बंद ठेवावे लागले तर तपासणीत तो दोष धरला जाऊ नये. या तीन गोष्टींसाठी परिपत्रकाचे एक पान पुरे.

शिकवायचेच तर कार्यकारी मंडळालाही थोडे शिकवले पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालय संस्था चालवते, आणि संस्थेचे अध्यक्ष-कार्यवाह मंडळी निवडून येतात. त्यांच्यात निष्ठेने झटणारे पुष्कळ आहेत. पण ग्रंथालय म्हणजे सांभाळायची मालमत्ता, या समजुतीतून पुस्तक गहाळ झाले की त्याची किंमत कर्मचाऱ्याच्या पगारातून कापणारेही आहेत. अशा ठिकाणी प्रशिक्षणाहून परतलेला कर्मचारी मुक्तद्वार पद्धत कशाला सुरू करील? तो कपाटाला कुलूपच लावील, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करील. वापरासाठी असलेली पुस्तके थोडी फाटणार, थोडी हरवणार, हे मंडळाने इतिवृत्तात लिहून मान्य केल्याशिवाय कर्मचाऱ्याचे शिक्षण टेबलाच्या खणातच राहील.

यावर नेहमी येणारा आक्षेप खोटा नाही. पोटापुरते मानधन नाही तिथे प्रशिक्षणाच्या गप्पा कशाला? सार्वजनिक ग्रंथालयांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचे नाव ग्रंथालय चळवळीच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे निघते, ठराव होतात, वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. मधल्या काळात अनुदान वाढले, तेव्हाही महागाईने त्यातला बराच भाग आधीच खाल्लेला होता. ज्याचा संसार या मानधनावर चालत नाही त्याला वर्गात बसवून तुझे कौशल्य वाढव म्हणणे ही थट्टा ठरू शकते, हे मान्य केले पाहिजे. शिकलेली तरुण मुले या कामातून लवकर बाहेर पडतात, ती याच कारणाने.

तरीही वेतनाचा प्रश्न सुटेपर्यंत प्रशिक्षण थांबवा, हा युक्तिवाद कर्मचाऱ्याच्याच मुळावर येतो. त्याच्या कामाला कौशल्य लागते हे दिसले नाही, तर ते काम कुणीही करू शकते असे म्हणणे शासनालाही सोपे जाते आणि संस्थेलाही. दार उघडून बसणाऱ्याचे मोल दार उघडण्याएवढेच होते. उलट प्रशिक्षणाची वेतनाशी गाठ मारली, ठरावीक पायऱ्या पूर्ण करणाऱ्याला अनुदानातून ठरावीक वाढ द्यावी असा नियम झाला, तर दोन्ही मागण्या एकमेकींना बळ देतील. महाविद्यालयांत हे तत्त्व मान्य आहे. तिथे ते न्याय्य असेल, तर वाडीवस्तीवरच्या ग्रंथालयात ते अन्याय्य ठरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे. मोबाइलवर विचारले की उत्तर मिळते, मग ग्रंथपाल शिकून करणार काय? उत्तर मिळते हे खरेच आहे, आणि म्हणूनच काम वाढले आहे. डाळिंबावरच्या तेल्याला मोबाइल दहा उपाय सांगतो. त्यांतला कुठला कृषी विद्यापीठाने तपासलेला आणि कुठला औषध विकणाऱ्याने लिहिलेला, हे तो शेतकऱ्याला आपण होऊन सांगेलच असे नाही. संगणकाने लिहून दिलेल्या उत्तरात नसलेल्या पुस्तकाचे नावही बेधडक येऊ शकते. हे पारखायचे कसे, मूळ स्रोतापर्यंत जायचे कसे, याची सवय वाचकाला लावणे हे ग्रंथपालाचे जुनेच काम आहे. साधन बदलले की ते नव्याने शिकावे लागते. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे सांगणारे पाचवे सूत्र आपण कपाटांच्या संख्येवरून मोजत आलो. ते ग्रंथपालाच्या ज्ञानालाही लागू आहे.

महाराष्ट्र शासन उत्कृष्ट ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने आणि उत्कृष्ट कार्यकर्त्या-सेवकाला रंगनाथनांच्या नावाने पुरस्कार देते. चांगल्या कामाची पाठ थोपटली जाते, हे उत्तमच. पण पुरस्कार ज्याच्या अंगी आधीच गुण आहेत त्याला मिळतो. ज्याला ते गुण मिळवायचे आहेत त्याच्यासाठी वर्षभर चालणारी व्यवस्था लागते, आणि तिची सुरुवात शासनाची वाट पाहत बसण्याऐवजी जिल्हा ग्रंथालय संघांना आजच करता येईल. यंदाच्या ग्रंथपाल दिनी प्रत्येक संघाने एक साधा कागद तयार करावा: आपल्या जिल्ह्यात किती कर्मचारी आहेत, त्यांनी शेवटचे प्रशिक्षण कोणत्या साली घेतले, त्यांना कशाची अडचण येते आणि शिकवू शकतील अशी माणसे कोणत्या तालुक्यात आहेत. प्रशिक्षणाच्या रकान्यात बरीच जुनी साले दिसतील, काही ठिकाणी रकाना कोराच राहील. तो कागद संचालनालयाकडे पाठवावा, आणि उत्तराची वाट न पाहता पहिल्या तालुक्यातली पहिली बैठक सप्टेंबरात घ्यावी. पुढच्या १२ ऑगस्टला व्यासपीठावरून भाषण करणाऱ्यांनी मग एवढेच सांगावे, की वर्षभरात किती जण काय शिकले आणि त्यामुळे वाचकाला काय मिळाले. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असेल, त्यांनी हार जरूर घालावा.